शाळेला मदत करायची आहे: नव्या पालकांनी कोठून आणि कशी सुरुवात करावी

जून महिन्यात शाळा सुरू झाली की पहिल्या पालकसभेत दरवर्षी एक-दोन पालक तरी उभे राहून विचारतात, "आम्हाला शाळेसाठी काहीतरी करायचे आहे, काय करू?" त्यावर बहुतेक वेळा पैसे किंवा वस्तू मागितल्या जातात, पालक उत्साहाने देतात आणि वर्षभराने त्या वस्तूचे काय झाले हे कोणालाच नीटसे सांगता येत नाही. हेतू सगळ्यांचे चांगले असतात. चूक होते ती क्रमाची. शाळेभोवती पालकांना काम करण्यासाठी तीन वेगवेगळ्या चौकटी आहेत: शाळा व्यवस्थापन समिती, पालक-शिक्षक संघ आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्था. प्रत्येकीचा अधिकार, पैसा आणि जबाबदारी निराळी आहे. पैसा एका चौकटीतला, निर्णय दुसरीतला आणि सही तिसऱ्याच माणसाची, अशी सरमिसळ झाली की वाद सुरू होतात. महाराष्ट्रातील शाळा डोळ्यांसमोर ठेवून, नवख्या पालकाने कोणत्या क्रमाने पुढे जावे हे येथे मांडले आहे.

पहिली पायरी: शाळा कोणत्या प्रकारची आहे ते पाहा

जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महानगरपालिकेची शाळा असेल, तर तेथे शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ मध्ये या समितीची तरतूद आहे. सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश सदस्य हे त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक असले पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे, असे कायदा सांगतो. महाराष्ट्रात समिती साधारणपणे १२ ते १६ जणांची असते. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव म्हणून काम पाहतात. उरलेल्या जागांवर स्थानिक स्वराज्य संस्थेचा प्रतिनिधी, शिक्षक प्रतिनिधी आणि गावातील शिक्षणाची जाण असलेली व्यक्ती असते. शिक्षकांच्या बोलण्यात या समितीचे नाव 'शाव्यस' असे आखूड झाले आहे, ते लक्षात ठेवलेले बरे.

खासगी अनुदानित शाळेतही ही समिती असते, परंतु २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत तिची भूमिका केवळ सल्लागाराची आहे. हा फरक ठाऊक नसलेले पालक अनुदानित शाळेच्या सभेत 'आम्हाला अधिकार आहे' असे म्हणून उभे राहतात आणि संस्थाचालकांशी उगाच वितुष्ट ओढवून घेतात.

विनाअनुदानित शाळेला कलम २१ लागू होत नाही. तेथे पालकांचे व्यासपीठ म्हणजे पालक-शिक्षक संघ, आणि महाराष्ट्रात शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्यामुळे त्याला नुसत्या स्नेहमेळाव्यापलीकडचे महत्त्व आले आहे. शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक आणि सर्व शिक्षक हे संघाचे सदस्य असतात. त्यांच्यातून कार्यकारी समिती सोडत काढून ठरते. मुख्याध्यापक अध्यक्ष आणि एक पालक उपाध्यक्ष असतो. पुढील वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव व्यवस्थापनाने आधी याच कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. सोडत कधी आहे याची सूचना फलकावर लावली जाते. शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणी आठवण करून देईल, या भरवशावर राहू नये.

दुसरी पायरी: समितीत जाण्यापूर्वी कागद वाचा

शाव्यसची निवड पालकांच्या सभेतून होते आणि समितीची मुदत दोन वर्षांची असते. पालकसभेला उपस्थिती कमी असली की अध्यक्षपद गावातील राजकीय गटाकडे सहज जाते. म्हणून निवडीच्या सभेला स्वतः जाणे आणि आपल्या वस्तीतील आणखी चार पालकांना, विशेषतः आयांना, सोबत नेणे हीच शाळेला होणारी पहिली खरी मदत आहे. मजुरीला जाणाऱ्या पालकांना सकाळी अकराची सभा परवडत नाही. सभा संध्याकाळी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी घ्यावी, असे मुख्याध्यापकांना आधीच लेखी सुचवता येते.

निवड झाली किंवा नुसते सदस्य व्हायचे ठरले, तरी पहिले दोन-तीन महिने कोणतीही देणगी जाहीर करू नये. त्या काळात चार गोष्टी पाहाव्यात. मागील दोन वर्षांचे इतिवृत्त वाचावे. त्यातून कोणते ठराव झाले, कोणते अमलात आले आणि कोणत्या सह्या प्रत्येक महिन्यात एकाच पेनाने झाल्या आहेत, हे समजते. जडसंग्रह नोंदवही, म्हणजे शिक्षक ज्याला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात ती, पाहावी. शाळेकडे कागदावर किती संगणक, टेबल आणि पंखे आहेत आणि प्रत्यक्षात किती चालू आहेत याची तफावत तेथे दिसते. अनुदानाचा हिशेब मागावा. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटसंख्येनुसार वार्षिक संयुक्त शाळा अनुदान मिळते: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० रुपये, २५० पर्यंत ५०,००० रुपये असे त्याचे निकष आहेत, आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावयाची असते. चौथी गोष्ट म्हणजे शाळा विकास योजना. ती तीन वर्षांची असते, तिच्या वार्षिक उपयोजना असतात आणि ती तयार करून शिफारस करणे हे कायद्याने समितीचेच काम आहे. अनेक ठिकाणी ही योजना मुख्याध्यापक एकट्याने भरतात आणि सदस्य तिच्याखाली सही करतात. योजना वाचून दाखवा, एवढी साधी विनंती केली तरी सभेचा सूर बदलतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हिशेब मागणे म्हणजे गुरुजींवर संशय घेणे नव्हे. दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापकांकडे वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणी प्रणालीत भरायची माहिती आणि केंद्रप्रमुखांचे फोन असे सगळे एकाच वेळी असते. "हिशेब दाखवा" असे म्हणण्यापेक्षा "हिशेब लिहायला मी शनिवारी येऊन बसतो" असे म्हणणारा पालक लवकर उपयोगी पडतो. कुठेच दाद मिळत नसेल, तर सरकारी शाळेच्या नोंदी माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात. तो मार्ग शेवटचा ठेवावा, कारण अर्ज गेला की पुढील दोन वर्षे शाळेत कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

तिसरी पायरी: काम निवडा, आणि ते लहान निवडा

ग्रामीण महाराष्ट्रात शाळेसाठी लोकांकडून मिळणाऱ्या वर्गणीला आणि वस्तूंना 'लोकसहभाग' किंवा 'शैक्षणिक उठाव' म्हणतात. ही परंपरा जुनी आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातील मुलांसाठी घरोघरी मूठभर धान्य जमा करण्याची 'मुष्टिफंडा'ची पद्धत रुजवली. रोजच्या दळणातून बाजूला काढलेली ती मूठ लहान होती, परंतु ती दररोज येत असे आणि तिच्यामुळे घरातील बाईचाही शाळेशी संबंध जुळत असे. आजच्या देणग्यांत नेमकी हीच गोष्ट हरवलेली दिसते. स्मार्ट टीव्ही, टॅबलेट, रंगीत कमान यांसाठी पैसे लगेच जमतात, कारण त्यांचा फोटो निघतो. दरमहा येणारे वीजबिल, नळाची तोटी, शौचालयाची साफसफाई, फुटलेली कौले आणि बिघडलेल्या पाणीशुद्धी यंत्राचा फिल्टर यांसाठी कोणी पुढे येत नाही. वीजबिल थकल्यामुळे जोडणी तुटलेल्या शाळेत कपाटात बंद पडलेले टॅबलेट हे चित्र काल्पनिक नाही.

म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी एकच काम घ्यावे आणि ते आवर्ती, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या खर्चाचे घ्यावे. उदाहरणार्थ, मुलींच्या शौचालयाला वर्षभर पाणी, साबण आणि आठवड्यातून दोनदा सफाई. खर्च महिन्याला काही हजारांच्या आत राहतो, ५० कुटुंबांनी मिळून तो सहज उचलता येतो, आणि परिणाम मुलींच्या हजेरीत पाहता येतो. वस्तू द्यावयाचीच असेल तर तिच्या दुरुस्तीची रक्कमही सोबत बाजूला काढावी. पैशांऐवजी वेळ किंवा कौशल्य देऊ इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेले विद्यांजली हे संकेतस्थळ आहे. शाळा आपली गरज तेथे नोंदवते आणि स्वयंसेवक किंवा देणगीदार ती पाहून पुढे येतात. गावातील सुतार, गवंडी आणि वायरमन मात्र संकेतस्थळावर भेटत नाहीत. त्यांना समितीच्या सभेला बोलवावे लागते.

काम ठरले की त्याचा ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा: काय करायचे, कोणी करायचे, अंदाजे खर्च किती, पैसा कोठून येणार आणि वस्तू कोणाच्या नावावर नोंदली जाणार. देणगी म्हणून आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू त्याच दिवशी जडसंग्रह नोंदवहीत चढवावी. नोंद नसलेली वस्तू चोरीला गेली तर तक्रारही नीट देता येत नाही.

चौथी पायरी: वर्गणी कशी घ्यावी आणि कशी घेऊ नये

प्रवेशाच्या वेळी कोणत्याही पालकाकडून देणगी घेणे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार निषिद्ध आहे, आणि असे देणगीशुल्क घेणाऱ्यास त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. देणगी संघाच्या नावाने मागितली म्हणून ती वैध ठरत नाही. प्रवेशानंतरही वर्गणी ऐच्छिकच असली पाहिजे. न देणाऱ्यांची नावे फलकावर लावणे, मुलाला वर्गात उभे करून विचारणे, दाखला किंवा प्रगतिपुस्तक अडवणे हे सगळे चुकीचे आहे. देणाऱ्यांची नावे रकमेसह जाहीर वाचणे हेसुद्धा मला योग्य वाटत नाही, कारण दोनशे रुपये देणाऱ्या शेतमजुराने पुढच्या सभेला येऊ नये अशीच व्यवस्था त्यातून होते.

पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर घेऊ नयेत. अध्यक्षाच्या मोबाईलवर घेतलेले पैसे पुढे त्याच्या स्वतःच्या व्यवहारांत मिसळतात आणि प्रामाणिक माणूसही अडचणीत येतो. खाते समितीच्या किंवा संस्थेच्या नावाचे असावे, ते दोघांच्या सह्यांनी चालावे, क्रमांकित पावतीपुस्तक असावे आणि दरमहा जमाखर्च सूचना फलकावर लावावा.

एक बाब फारच थोड्यांना माहीत असते. नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय कारणासाठी जनतेकडून वर्गणी गोळा करावयाची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. शाळेच्या इमारतीसाठी बाजारपेठेत पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या उत्साही पालकांनाही हा नियम लागू होतो.

पाचवी पायरी: संस्था नोंदवावी की नाही?

बहुतेक शाळांना वेगळ्या संस्थेची गरज नसते, आणि ती काढण्याची घाई करू नये. माजी विद्यार्थी मोठ्या रकमा देऊ इच्छितात, काम एकाहून अधिक शाळांत करायचे आहे किंवा कंपन्यांचा निधी मिळण्याची खरी शक्यता आहे, अशा परिस्थितीतच नोंदणीचा विचार करावा. संस्था काढणे सोपे आहे; ती दरवर्षी कागदोपत्री जिवंत ठेवणे कंटाळवाणे आहे.

नोंदणीचे नेहमीचे दोन मार्ग आहेत. विश्वस्तपत्र करून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास, म्हणजे ट्रस्ट, नोंदवता येतो. किंवा किमान सात जणांनी मिळून संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवायची आणि मग तिचीच सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी करून घ्यायची. दुसऱ्या मार्गात सर्वसाधारण सभा आणि निवडणूक असते. पालकांच्या कामाला तोच मला अधिक योग्य वाटतो, कारण न्यासाचे विश्वस्तपद एकाच घरात राहण्याचा धोका त्यात कमी असतो. घटनेत उद्देश लिहिताना शाळेचे नाव लिहावे, पण उद्देश त्या एकाच शाळेपुरता बांधून ठेवू नये. कमी पटामुळे शाळा उद्या बंद झाली किंवा दुसऱ्या शाळेत तिचे समायोजन झाले, तर पैसा अडकून पडतो.

नोंदणीनंतरची कामे अशी: ३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घेणे, विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत कलम २२ खाली फेरफार अहवाल, म्हणजे सगळे म्हणतात तो 'चेंज रिपोर्ट', दाखल करणे, आणि संस्थेची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घेणे. चेंज रिपोर्ट वेळेवर न दिल्याने दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे, काही तर दिवंगत, विश्वस्त धर्मादाय कार्यालयातील नोंदीत, म्हणजे अनुसूची १ वर, अजून दिसतात आणि बँक नव्या सह्या स्वीकारत नाही. धर्मादाय कार्यालयात अशा फायली घेऊन बसलेली माणसे कोणत्याही दिवशी भेटतील.

सहावी पायरी: करसवलत, कंपन्या आणि परदेशातील नातलग

प्राप्तिकर विभागाकडे संस्थेची नोंदणी आणि देणगीदारांना सवलत देणारी मान्यता, जिला आपण अजूनही '८०जी' म्हणतो, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. अर्ज भरताना सनदी लेखापालांकडून चालू क्रमांक विचारून घ्यावेत. देणगीदारांना आधीच सांगावे की २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्या व्यक्तींना ती मुळातच मिळत नाही. हे न सांगता "करसवलत आहे" असे छापलेले पत्रक वाटले, तर मार्च अखेरीस फोन येऊ लागतात.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीसाठी, म्हणजे सीएसआरसाठी, संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. कंपनीशी बोलताना मागणी शाळा विकास योजनेतूनच काढावी. नाहीतर कंपनीला जे द्यायचे असते तेच शाळेच्या माथी येते.

अमेरिका, इंग्लंड किंवा आखाती देशांत असलेले माजी विद्यार्थी मनापासून पैसे पाठवू पाहतात, आणि येथे सर्वांत महागडी चूक होते. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी मानली जात नाही. त्याच व्यक्तीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर तिच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी तिची देणगी विदेशी ठरते आणि ती स्वीकारण्यासाठी विदेशी अंशदान विनियमन अधिनियम, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, आणि नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेने तो तुमच्याकडे वळवणेही बंद झाले आहे. त्यामुळे परदेशातील वर्गमित्राला खाते क्रमांक देण्यापूर्वी 'पारपत्र कोणत्या देशाचे?' हा अवघड वाटणारा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

सातवी पायरी: शाळेच्या आवारात वावरताना

संस्थेने शाळेशी साध्या मराठीत एक लेखी करार करावा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना त्याची प्रत द्यावी. काय देणार, किती काळ देणार, देखभाल कोणाची आणि भिंतीवर नाव किती मोठे लिहायचे, हे त्यात असावे. नावाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण शाळेच्या नावापेक्षा देणगीदाराच्या पाटीची अक्षरे मोठी असलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत. शिक्षकांनी काय आणि कसे शिकवावे यात देणगीदाराने पडू नये, हेही करारात लिहिलेले चांगले.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत सवलत नाही. बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या, शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकारानंतर शाळेत येणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीकडे पालक अधिक सावधपणे पाहतात, आणि ते योग्यच आहे. स्वयंसेवकाची ओळखपत्रे शाळेकडे द्यावीत, शक्य तेथे पोलीस पडताळणी करून घ्यावी आणि कोणत्याही स्वयंसेवकाने मुलासोबत बंद खोलीत एकटे थांबू नये. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तशी भीती वाटली, तर बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "आधी समितीत चर्चा करू" हा पर्याय तेथे नाही. दप्तर किंवा चपला घेताना मुलांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणे टाळावे. मदत घेणाऱ्या मुलाला त्या फोटोसह त्याच गावात मोठे व्हायचे असते.

आठवी पायरी: जाताना

मूल चौथी, सातवी किंवा दहावी होऊन शाळेतून बाहेर पडले की पालक म्हणून शाव्यसचे सदस्यत्वही संपते. शेवटच्या वर्षाच्या दिवाळीनंतरच खालच्या वर्गातील दोन पालकांना सोबत घेऊन काम दाखवायला लागावे. पावतीपुस्तके, बँकेची कागदपत्रे, करारांच्या प्रती, कपाटाच्या किल्ल्या आणि संकेतस्थळांचे परवलीचे शब्द यांची यादी करून, ती सभेत वाचून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी इतिवृत्ताला जोडावी. संस्थेत पद असेल तर राजीनामा लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि तीन महिन्यांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल झाला की नाही हे स्वतः धर्मादाय कार्यालयात जाऊन पाहून यावे.